तरवड

तरवड (शास्त्रीय नाव: सेन्ना ऑरिक्युलेटा, पूर्वीचे नाव: कॅसिया ऑरिक्युलेटा) हे शिंबावंत कुलातील, पिवळ्या फुलांचे बहुवर्षायू झुडूप आहे. भारतीय द्वीपकल्पाचा कोरडा भाग व श्रीलंका येथे ते नैसर्गिकरीत्या वाढते. महाराष्ट्रात दख्खनच्या पठारावरील माळराने, मुरमाड टेकड्या, शेतांचे बांध आणि रस्त्यांच्या कडा ही त्याची नेहमीची वस्तीस्थाने होत. अत्यल्प पावसात तग धरणे, जनावरांनी सहसा तोंड न लावणे आणि वर्षाचा बराच काळ फुललेले राहणे या तीन गुणांमुळे अवर्षणप्रवण प्रदेशातील भुंगे व रानमाश्या यांना परागाचा आधार देणारी वनस्पती म्हणून तरवडाचे महत्त्व आहे. त्याची लागवड बियांपासून करता येते. मात्र बीजावरण कठीण असल्याने पेरणीपूर्वी बियांवर प्रक्रिया करावी लागते.

नावे व वर्गीकरण

तरवडाला संस्कृतात 'आवर्तकी', हिंदीत 'तरवर', तेलुगूत 'तंगेडु', तमिळमध्ये 'आवारै' किंवा 'आवारम' आणि कन्नडमध्ये 'आवरिके' किंवा 'तंगडी' अशी नावे आहेत. श्रीलंकेत ते 'रणवरा' या नावाने ओळखले जाते.

कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या वनस्पतीचे 'कॅसिया ऑरिक्युलेटा' असे नामकरण केले. 'ऑरिक्युलेटा' म्हणजे कानासारखे अवयव असलेली. पानाच्या देठाशी असणारी रुंद, कानाच्या पाळीसारखी उपपर्णे हे या नावाचे कारण होय. विल्यम रॉक्सबर्ग याच्या १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वनस्पतींवरील ग्रंथात तिचा समावेश 'सेन्ना' या प्रजातीत झाला. त्यानंतरही दीर्घकाळ 'कॅसिया' हेच नाव रूढ राहिले. १९८२ मध्ये आयर्विन व बार्नेबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुन्या, विस्तृत 'कॅसिया' प्रजातीची कॅसिया, सेन्ना व कॅमेक्रिस्टा अशी विभागणी केली आणि 'सेन्ना' हे नाव सर्वमान्य झाले. जुन्या पुस्तकांत व पाठ्यपुस्तकांत आढळणारे 'कॅसिया ऑरिक्युलेटा' हे नाव याच वनस्पतीचे आहे.

वर्णन

तरवडाचे झुडूप साधारणतः १ ते ३ मीटर उंच वाढते. ते बुंध्यापासूनच फांद्या फोडते. साल तपकिरी असते. पाने संयुक्त असून प्रत्येक पानात पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या असतात. पर्णिका लांबट असून त्यांची टोके बोथट असतात व टोकावर बारीक काट्यासारखा अग्र असतो. मधल्या दांड्यावर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये एकेक उभी, बारीक ग्रंथी असते. ओळख पटविताना ही ग्रंथी व देठाजवळची कानासारखी उपपर्णे पाहिली, तर सहसा चूक होत नाही. सेन्ना प्रजातीतील इतर वनस्पतींप्रमाणे तरवडाच्या पर्णिकाही सायंकाळनंतर मिटतात व सकाळी उघडतात.

फुले गडद पिवळी, सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाची असून फांद्यांच्या टोकांकडे गुच्छाने येतात. पाकळ्या पाच असतात. पुंकेसर दहा असतात, पण ते सारखे नसतात: वरचे तीन वांझ असतात, तर उरलेल्यांपैकी खालचे लांब व पुढे झुकलेले असतात. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, ७ ते ११ सेंटिमीटर लांब असतात व पक्व झाल्यावर फिकट तपकिरी होतात. शेंगेत बी कोठे आहे ते बाहेरून उंचवट्यांवरून समजते.

तरवडाशी नाव किंवा रूप जुळणाऱ्या काही वनस्पतींमुळे गोंधळ होतो. पावसाळ्यात ज्याची पालेभाजी करतात तो टाकळा (सेन्ना टोरा) काही भागांत 'तरोटा' म्हणून ओळखला जातो. तो वर्षायू असून त्याच्या पानात बहुधा तीनच जोड्या पर्णिका असतात आणि शेंगा बारीक, लांब व वाकड्या असतात. कासविंदा (सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस) याच्या पर्णिका टोकदार असतात. अमेरिकेतून आलेली व दख्खनमध्ये तणासारखी पसरलेली सेन्ना युनिफ्लोरा ही आणखी एक पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. तिची फुले लहान व शेंगा आखूड असतात. लागवडीसाठी बी गोळा करताना हा भेद ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा तरवड समजून परदेशी तणाचाच प्रसार होण्याचा धोका असतो.

दुष्काळात तग धरण्याची क्षमता

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिव, बीड हे जिल्हे, सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग येथे, पाऊस कमी पडतो आणि जो पडतो तोही लहरी असतो. जमीन अनेक ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम अशी असते. अशा जागी तरवड टिकतो, याचे पहिले कारण त्याचे मूळ. बी रुजल्यानंतर रोप प्रथम वर न वाढता सोटमूळ खोल नेते. मुरमाच्या भेगांतून उतरलेले हे मूळ वरची माती कोरडी पडल्यावरही खालची ओल गाठू शकते. दुसरे कारण पर्णिकांचा लहान आकार. लहान पर्णिका उन्हात कमी तापतात. तिसरे कारण म्हणजे फुटवा धरण्याची शक्ती. तोडलेले किंवा वाळलेले झुडूप पाऊस पडताच बुंध्यापासून पुन्हा फुटते.

तरवड डाळवर्गीय कुलातील असल्यामुळे तो हवेतील नत्र जमिनीत साठवतो, असा समज आढळतो. परंतु तूर, हरभरा यांच्या मुळांवर असतात तशा जिवाणूंच्या गाठी सेन्ना प्रजातीतील वनस्पतींच्या मुळांवर सहसा नसतात. तरवडामुळे जमिनीला होणारा लाभ हा मुख्यतः पानगळीचा, सावलीचा आणि माती धरून ठेवण्याचा आहे. त्याचा पाला काही ठिकाणी हिरवळीचे खत म्हणून शेतात टाकतात.

परागीभवन

तरवडाच्या फुलात मकरंद नसतो. फुलाकडून कीटकांना मिळतो तो केवळ पराग, आणि तोही सहज हाती लागत नाही. बहुतेक फुलांचे परागकोश पिकल्यावर उभे चिरतात व पराग उघडा पडतो. तरवडाचे परागकोश मात्र टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून उघडतात. मिठाच्या डबीप्रमाणे ते हलविल्याशिवाय पराग बाहेर येत नाही.

हे काम भुंगा (झायलोकोपा प्रजातीतील माश्या) करतो. फुलावर उतरल्यावर तो परागकोश पायांनी घट्ट धरतो आणि पंख न फडफडवता छातीतील उड्डाणाचे स्नायू अतिशय वेगाने थरथरवतो. ती थरथर परागकोशात पोहोचते व छिद्रातून परागाचा फवारा उडतो. या वेळी येणारा आवाज उडताना होणाऱ्या गुणगुणण्यापेक्षा तीव्र स्वराचा असतो. फुललेल्या तरवडाशेजारी सकाळी थोडा वेळ शांत उभे राहिल्यास दोन्ही आवाजांतील फरक कानांना स्पष्ट कळतो. या पद्धतीला कंपन-परागीभवन म्हणतात. अंगावर निळसर पट्टे असलेल्या अमेजिला प्रजातीतील माश्याही अशी थरथर निर्माण करू शकतात.

पुंकेसरांतील असमानतेचा संबंध याच व्यवहाराशी आहे. भुंगा मधल्या आखूड पुंकेसरांमधून आपल्या पिलांसाठी पराग गोळा करीत असताना खालच्या लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगावर अशा जागी पडतो, जेथून तो त्याला सहज पुसून घेता येत नाही. तोच पराग पुढील फुलाच्या कुक्षीपर्यंत पोहोचतो. एका भागातील पराग हे कीटकाचे वेतन व दुसऱ्या भागातील पराग हे वनस्पतीचे टपाल, अशी ही विभागणी आहे.

मधमाश्यांना, म्हणजे सातेरी, आग्या व फुलोरी यांना, अशी थरथर निर्माण करता येत नाही. भुंग्याने सांडलेला, पाकळ्यांवर पडलेला पराग त्या वेचतात. त्यामुळे 'मधमाश्यांसाठी तरवड लावा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. तरवड पराग देतो, मध देत नाही. मधमाश्यांना उपयोगी पडेल अशी लागवड करायची असल्यास तरवडाबरोबर मकरंद देणाऱ्या वनस्पतीही हव्यात. कुंभा (द्रोणपुष्पी), तुळस, सब्जा, बोर, शेवगा व करंज या त्यासाठी योग्य व कमी पाण्यावर येणाऱ्या आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने भुंग्याचे महत्त्व निराळे आहे. वांगी व टोमॅटो यांचा परागही परागकोशांच्या टोकाकडून थरथरीने बाहेर पडतो. त्यांची फळधारणा स्वपरागणानेही होते, पण थरथर देणाऱ्या माश्यांच्या भेटीमुळे ती सुधारते. पीक नसलेल्या महिन्यांत या माश्यांना परिसरात अन्न मिळाले नाही, तर पिकाच्या फुलोऱ्याच्या वेळी त्या तेथे असणार नाहीत. बांधावरचा तरवड हा मधला काळ भरून काढतो. त्याचा मुख्य बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत असतो आणि थोडी फुले इतर महिन्यांतही येत राहतात.

बियांपासून लागवड

बी गोळा करणे

शेंगा हिरव्या असताना तोडलेले बी अपक्व असते. शेंग पूर्ण तपकिरी व कोरडी होऊन हलविल्यावर आत बी खुळखुळू लागले, म्हणजे ती तोडण्यायोग्य झाली. एकाच झुडपावरून सर्व बी न घेता शक्य तितक्या निरनिराळ्या झुडपांवरून थोडे थोडे घ्यावे. त्यामुळे पुढील पिढीत विविधता राहते व मूळ जागीही बी शिल्लक उरते. अभयारण्य व राखीव वनक्षेत्र येथून बी गोळा करण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी.

शेंगा सावलीत वाळवून हाताने चुरडाव्यात व सुपाने पाखडाव्यात. बारीक गोल भोक पडलेले बी किडीने खाल्लेले असते. ते बाजूला काढावे. उरलेले बी पाण्यात टाकून तरंगणारे पोचट बी काढता येते, मात्र त्यानंतर ते लगेच पुन्हा वाळवावे. नीट वाळलेले बी कापडी पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत कोरड्या जागी ठेवल्यास पुढील हंगामापर्यंत सहज टिकते.

बीजसुप्तता व तिचे कारण

ताजे, निरोगी बी ओल्या मातीत पेरूनही अनेकदा उगवत नाही. ते मेलेले नसते. त्याचे बीजावरण पाणी आत जाऊ देत नाही. या अवस्थेला भौतिक बीजसुप्तता म्हणतात. लहरी पावसाच्या प्रदेशात ती वनस्पतीच्या हिताची आहे. वळवाची एखादी सर पडताच सर्व बी उगवले असते, तर नंतरच्या उघडिपीत सर्व रोपे जळून गेली असती. उन्हाची होरपळ, मातीतील घर्षण व दिवसरात्रीच्या तापमानातील फरक यांमुळे काही बियांचे आवरण यंदा, काहींचे पुढील वर्षी तर काहींचे आणखी उशिरा सैल होते. अशा रीतीने एका झुडपाचे बी अनेक पावसाळ्यांमध्ये विभागले जाते.

पेरणीपूर्व प्रक्रिया

सुप्तता मोडण्याच्या दोन सोप्या पद्धती आहेत.

१. घासणे: बी थोडे असल्यास दोन खरखरीत पॉलिशकागदांमध्ये ठेवून त्याची चमक जाईपर्यंत हलके घासावे. आतील गर उघडा पडेल इतके घासू नये. बी शेंगेला जोडलेले असते त्या टोकाजवळ अंकुराचे मूळ असल्याने ती बाजू टाळावी.

२. गरम पाणी: पाणी उकळून भांडे विस्तवावरून खाली उतरवावे व काही मिनिटे थांबावे. नंतर बियांच्या चार-पाच पट पाणी त्यांवर ओतून ते आपोआप निवू द्यावे व बी त्यातच रात्रभर ठेवावे. बी विस्तवावर उकळू नये. त्याने अंकुर मरतो.

सकाळी ज्या बिया फुगून मोठ्या झाल्या असतील, त्यांत पाणी शिरले असे समजावे. त्या त्याच दिवशी पेराव्यात. न फुगलेल्या बियांवर पुन्हा प्रक्रिया करावी. प्रयोगशाळेत याच कामासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरी किंवा शाळेत ते वापरणे धोक्याचे आहे.

बियांची प्रत पाहण्यासाठी प्रक्रिया केलेल्या २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात व फडके सतत ओलसर राखावे. दोन आठवड्यांत किती बिया मोडावतात, यावरून पेरणीसाठी किती बी लागेल याचा अंदाज येतो. शेजारी प्रक्रिया न केलेल्या २० बिया ठेवल्यास सुप्तता म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येते.

थेट पेरणी

बांधावर किंवा पडीक जमिनीवर थेट पेरणी करणे अधिक श्रेयस्कर असते, कारण त्यात सोटमुळाला इजा होत नाही. मृगाचा पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरल्यावर, वाफसा आला असता, १ ते १.५ सेंटिमीटर खोलीवर एका ठिकाणी तीन-चार बिया टोकाव्यात. कुंपणासाठी दोन ठिकाणांतील अंतर सुमारे पाऊण मीटर, एरवी एक ते दीड मीटर ठेवावे.

पाऊस खात्रीचा नसेल तेथे प्रत्येक ठिकाणी प्रक्रिया केलेल्या बियांबरोबर प्रक्रिया न केलेल्या एक-दोन बियाही टाकाव्यात. पहिल्या पावसानंतर मोठी उघडीप पडून उगवलेली रोपे गेली, तरी उरलेले बी जमिनीत शाबूत राहते व पुढे उगवू शकते. निसर्गात घडते तेच येथे लहान प्रमाणात केलेले असते.

रोपवाटिका

रोपे तयार करायची असल्यास उन्हाळ्यात, पावसाच्या सुमारे तीन महिने आधी, पिशव्या भराव्यात. पिशवी रुंद असण्यापेक्षा खोल असावी. दोन भाग माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत एवढे मिश्रण पुरते. अधिक खताने पाला माजतो. प्रक्रिया केलेले बी साधारणतः एक ते दोन आठवड्यांत उगवते. उगवण होईपर्यंत माती ओलसर ठेवावी. नंतर वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. तरवडाची रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. पिशवी जमिनीवर ठेवल्यास सोटमूळ तळातून खाली शिरते व उचलताना तुटते. म्हणून पिशव्या मधूनमधून हलवाव्यात.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. पाणी साचणारी चिबड जमीन व दाट सावली टाळावी. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी पाणी व बुंध्याभोवती पाचट किंवा वाळलेल्या गवताचे आच्छादन दिल्यास रोपे हमखास टिकतात. त्यानंतर सहसा पाणी द्यावे लागत नाही. शेंगा झडल्यावर केलेल्या छाटणीने झुडूप दाट होते.

तरवडाची पाने कॅटॉप्सिलिया प्रजातीतील फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या खातात. झुडूप त्यातून सावरते. कीटकनाशकाची फवारणी केल्यास लागवडीचा हेतूच नाहीसा होतो.

उपयोग व सांस्कृतिक संदर्भ

तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. दक्षिण भारतात कातडी कमावण्यासाठी ही साल पूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरली जात असे. पुढे वॉटल नावाच्या बाभूळवर्गीय झाडाच्या सालीने तिची जागा घेतली. ग्रामीण भागात काड्यांचा दातवणासाठी उपयोग होतो. श्रीलंकेत वाळलेल्या फुलांचा काढा चहाप्रमाणे पितात. आयुर्वेद व सिद्ध या वैद्यकपद्धतींत तरवडाच्या विविध अंगांचा, विशेषतः मधुमेहावर, उपयोग सांगितला आहे. चालू औषधे बंद करून किंवा वैद्यकीय सल्ल्याविना असे काढे घेणे योग्य नाही.

तंगेडु हे तेलंगणाचे राज्यपुष्प आहे. नवरात्राच्या सुमारास होणाऱ्या बतुकम्मा सणात स्त्रिया रानफुलांची उतरंड रचतात. तीत तरवडाच्या फुलांना मानाचे स्थान असते. सोलापुरातील तेलुगुभाषक समाजातही हा सण साजरा होतो. महाराष्ट्राच्या काही भागांत नवरात्रातील घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात. प्राचीन तमिळ संगम साहित्यातील 'कुरिंजिप्पाट्टु' या काव्यात दिलेल्या फुलांच्या यादीत 'आविरै' या नावाने तरवडाचा समावेश आहे.

संवर्धन

तरवड ही दुर्मीळ वनस्पती नाही, आणि हेच तिच्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे एक कारण आहे. बांध कोरून शेत वाढविणे, रस्त्यांचे रुंदीकरण, तणनाशकांचा वापर व बांध पेटविणे यांमुळे तरवडाच्या ओळी गावोगाव तुटत जातात. भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत पोखरून घर करतो, तर अमेजिला माश्या मातीत बिळे करतात. तरवड राखला पण जवळचे वाळके लाकूड व न नांगरलेली जमीन राखली नाही, तर फुले राहतात आणि माश्या नाहीशा होतात. भेट देणारा कीटक कमी झाला, की फुले येऊनही शेंगा विरळ धरतात.

लागवडीची जागा निवडतानाही विवेक आवश्यक आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्यासारखी गवताळ माळराने ही उघडी असणे हेच त्यांचे नैसर्गिक रूप आहे. माळढोक, धाविक यांसारख्या पक्ष्यांना मोकळा माळ लागतो. अशा ठिकाणी तरवड जेवढा आपोआप उगवतो तेवढाच योग्य असतो. तेथे त्याची दाट लागवड करणे हे संवर्धन ठरत नाही. शेताचे बांध, ओढ्यांचे वरचे काठ, खाणींची उघडी पडलेली जमीन, शाळांची कुंपणे व रस्त्यांच्या कडा या तरवडाच्या लागवडीसाठी योग्य जागा होत.